नंबर देणाऱ्या मॅडम

नानासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला, मिशा पुसल्या आणि भाचीला सरळ सांगून टाकलं, "मंजे, ती वेबसाईट बंद करून टाक. वर्ष भरत आलंय. पुढच्या वर्षाला चालू ठेवायची नाय."

मंजुषाला हे परवडणारं नव्हतं. नानामामांचं फर्दापूरला लॉज आहे, अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्यांसाठी. त्याची वेबसाईट हे तिचं पहिलंवहिलं काम. इंटरनेटवरचे फुकटचे धडे वाचून वाचून शिकली होती पोरगी. हेच काम बंद पडलं, तर उद्या दुसरं काम मागायला कुठल्या तोंडानं जायचं?

"का पण, मामा? गिऱ्हाईक येत नाही का?"

"येतंय की! लई येतंय. पण तुझ्या वेबसाईटमुळं नाय. मी दर माणसाला विचारतो, बाबा, नंबर कुठनं मिळाला? तर सगळे एकच सांगतात, एका मॅडमनी दिला."

"कोण मॅडम?"

"मला काय ठाऊक! जळगावचं कुटुंब आलं, मॅडमनी दिला. पुण्याची पोरं आली, मॅडमनी दिला. अगं, तो जपानी पाहुणा, कांदा न खाणारा, तोही मॅडम मॅडमच म्हणाला. त्या बाईला एक साडी नेऊन द्यावी म्हणतो, पण द्यायची कुठं?"

आता तुम्हीच सांगा, असं ऐकल्यावर कुणाला चैन पडेल? मंजुषाची आई सरिता स्वयंपाकघरातून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "दादा, तुझी कुणी जुनी ओळख असंल बघ." नानासाहेब लाजले की चिडले ते कळलं नाही, पण त्यांनी चहा मात्र आणखी मागितला.

मंजुषानं लॅपटॉप उघडला. रुसून बसण्यापेक्षा हुडकून काढणं तिला जास्त आवडायचं, लहानपणापासूनच. वेबसाईटवर कोण येतं, काय दाबतं, याची नोंद ठेवायची सोय तिनं करून ठेवली होती. त्यात बघते तर लोक येत होते, खोल्यांचे फोटो बघत होते आणि खालचं 'फोन करा' हे हिरवं बटण धडाधड दाबत होते. मग तो फोन जात कुठं होता? मामांचा नंबर तर पानावर मोठ्या अक्षरात होता. तिनं पुन्हा एकेक आकडा जुळवून पाहिला. बरोबर होता.

"मामा, तुम्ही कधी ते बटण दाबलंय का?"

"मी? मी कशाला मलाच फोन करू? येडी का खुळी तू?"

"आई, तू?"

"दादाचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये दादा म्हणून आहे की. बटण कशाला पाहिजे?"

आता मंजुषाच्या लक्षात आलं. तिनं स्वतःही ते कधी दाबलं नव्हतं. लॅपटॉपवर दाबून फोन लागत नाही, आणि मोबाईलमध्ये नानामामा होतेच. अख्ख्या घराण्यात मामांना वेबसाईटवरून फोन करायची गरज कुणालाच पडली नव्हती! परका माणूस काय करेल, हे बघायचं तर परकंच व्हायला हवं. तिनं मोबाईलवर पान उघडलं, बटण दाबलं आणि स्पीकर लावला.

शेजारी बसलेल्या मामांचा फोन ढिम्म. तिकडे मात्र रिंग जात होती.

"हॅलो," एका बाईचा आवाज आला, दमलेला पण गोड. "फर्दापूरची खोली पाहिजे ना? हल्ली जास्त तेच फोन येतात. हा नंबर त्यांचा नाही हं. पानावर वर जो मोठा नंबर लिहिलाय, तो हातानं लावा. माणूस चांगला आहे, जेवण पण देतो."

नानासाहेबांचे डोळे एवढे मोठे झाले. "मॅडम!" ते कुजबुजले.

"मॅडम, तुम्ही कोण?" मंजुषानं विचारलं.

"मी बिल्किस. शहागंजात राहते. का बेटा?"

बिल्किस! मंजुषा ताडकन उठून उभी राहिली. ज्या मराठी धड्यांवरून ती शिकली होती, त्या प्रत्येकाखाली हेच नाव असायचं. पानावरची जागा समजावताना डब्यात डबा कसा बसतो, मध्ये किती फट ठेवायची, हे मसाल्याच्या डब्यावरून सांगणारी हीच ती बाई. इंग्रजी व्हिडिओ बघून डोकं उठलं, की मंजुषा या धड्यांकडे यायची. आणि मग तिच्या लख्खकन लक्षात आलं. 'फोन करा' बटण कसं करायचं, त्या धड्यातला नमुना तिनं जसाच्या तसा उचलला होता. दिसणारा नंबर बदलला. बटणाच्या आत दडलेला, नमुन्यातला बिल्किसचा नंबर तसाच राहिला.

"अगं बाई," ती म्हणाली, "चूक माझी आहे. हे पान मीच केलंय. तुमच्या धड्यांवरून."

मामांनी तेवढ्यात फोन ओढून घेतला.

"ताई, मी नानासाहेब, लॉजवाला. जपानी पाहुणा तुम्हीच पाठवला का?"

"हौ भाऊ, कांदा नको म्हणत होता. मी म्हटलं, आधी सांगून ठेवा, करून देतील."

"दिला की करून!" नानासाहेब हसले आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हंजे ही सगळी माणसं वेबसाईट बघूनच आली म्हणायची."

"मग काय आकाशातून पडली?" बिल्किस म्हणाल्या.

मंजुषाचा जीव भांड्यात पडला. मामांनी फोन परत देताना तिच्या डोक्यावर टपली मारली. "ऱ्हाऊ दे चालू. पण तेवढं बटण नीट कर."

"खाला, एक विचारू?" मावशीला मारावी तशी हाक मारत मंजुषा फोन घेऊन खिडकीपाशी गेली. "लोकांचा एवढा त्रास होतो, तर धड्यात खोटा नंबर का नाही टाकला?"

"पहिल्यांदा चुकून राहिला. मी क्लासमध्ये शिकवायची, तो क्लास बंद पडला. मग सगळे धडे लिहून टाकले वेबसाईटवर. कुणी वाचतंय की नाही, काही कळेना. मग एक दिवस फोन आला, चितेगावचं कूलरचं दुकान का म्हणून. मी चिडले. नंतर डोक्यात आलं, कुणीतरी शिकलं म्हणून तर हा फोन आला! त्या दिवशी घरात खीर केली मी." त्या हसल्या. "कधी गंगापूरच्या मंगल कार्यालयाला विचारतात, कधी रोपवाटिकेला. चुकीचा फोन आला की मी समजते, अजून एक शिकलं. मग नंबर काढावासाच वाटेना."

"आणि शिकलेल्यांचे फोन?"

"ते कशाला करतील? चूक सापडली की बटण दुरुस्त करतात, मग फोन बंद होतो. तू पण कर बेटा. करायलाच पाहिजे."

फोन ठेवला. मंजुषानं लॅपटॉपवर बटणाच्या आतला नंबर खोडून मामांचा घातला आणि मोबाईलवर पुन्हा दाबून पाहिलं. मामांच्या खिशात फोन वाजला तसे ते दचकले, आई खो खो हसली. काम फत्ते. पण मंजुषाला काही हसू येईना. आता शहागंजातल्या त्या घरी फर्दापूरचा फोन कधीच जाणार नव्हता, आणि तो तिनंच तोडला होता.

मग तिनं नुकताच खोडलेला तो नंबर एकेक आकडा दाबून हातानं लावला.

"हॅलो, फर्दापूरची खोली का? पानावर वर जो मोठा..."

"खोली नको, खाला. मी मंजुषा. मला नववा धडा कळला नाही."

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. मग बिल्किस घाईघाईनं म्हणाल्या, "ठेवू नको हं फोन. थांब, गॅस बंद करून येते."