मास्टरांच्या अंगठ्याखालची मी

मी जखम बोलतेय. दचकू नका, पट्टी सोडायची गरज नाही. आजवर ती इतक्या वेळा सुटली आहे की आता झाकूनच बोललेलं बरं.

माझा जन्म एका टाचणीमुळे झाला. माझे मालक शिंपी, सगळे त्यांना मास्टर म्हणतात. टाचणी कापडातून निसटली, चपलेत रुतली आणि मास्टर तिच्यावर उभे राहून दिवसभर गिऱ्हाइकांची मापं घेत राहिले. बारा वर्षांच्या मधुमेहाने त्यांचे तळवे बधिर झाले होते. संध्याकाळी फरशीवर लाल ठिपके पाहून बायको म्हणाली, "अहो, हे काय सांडलं?"

"कापडाचा रंग असेल," मास्टर म्हणाले. माझ्या जन्माची दखल ही अशी घेतली गेली.

आम्हा जखमांचं जरा उलटं असतं. सगळ्यांना मोठं व्हायचं असतं, आम्हाला नाहीसं व्हायचं असतं. कडेकडेने नवी कातडी आणायची आणि गुपचूप निघून जायचं. मीही लगेच कामाला लागले होते.

पण माझं कौतुक फार झालं. दुकानात येणारा प्रत्येक जण "बघू बघू" म्हणे आणि मास्टर हौसेने पट्टी सोडत. शेजारचा घड्याळवाला म्हणाला, "हवा लागू द्या, वाळेल." मी वाळले आणि तडकले. मेव्हण्याने टूथपेस्ट लावली. मला दात नाहीत, हे त्याला कोण सांगणार? एका बाईंनी अंगाला लावायची पावडर दाबून भरली, वर फुंकरही मारली. दोन दिवस खपून रचलेली कोवळी कातडी तिसऱ्या दिवशी चिकटलेल्या पट्टीबरोबर निघून जाई. सिगारेट आणि गोड चहा चालूच होता. गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या.

"अहो, डॉक्टरांना दाखवा ना!" बायको म्हणे.

"अगं, दुखतंय कुठे?"

दुखत नाही याचं त्यांना केवढं समाधान! माझं खरं दुखणं तेच होतं.

महिन्याभराने मला वास येऊ लागला, तेव्हा दवाखाना आठवला. डॉक्टरांनी मला धुतलं, कडेची घट्ट कातडी काढली, कागदी पट्टीने मोजलं. मापं घेणाऱ्या माणसाचं माप निघालं. "मास्टर, अजून हाडापर्यंत गेलेली नाही. पण तीन आठवड्यांत कमी झाली नाही, तर अंगठा काढावा लागेल. साखर आटोक्यात ठेवा आणि या पायावर अजिबात भार देऊ नका."

मास्टरांना आधी मशीन आठवली. अंगठा गेला तर मशीनचं पायडल कसं मारायचं? पस्तीस वर्षं तो पाय आणि ते पायडल एकत्र नांदले होते.

त्या दिवसापासून मास्टर शहाण्यासारखे वागू लागले. सिगारेट सुटली. गोळ्या वेळेवर, जेवणात डाळ आणि अंडं, साखर खाली. कुणी "बघू" म्हटलं की "प्रदर्शन बंद आहे" म्हणत. पट्टी मळू नये म्हणून त्यांनी पायावर चढवायला जाड कापडाची एक पिशवीही शिवली, बटणं लावून, दुहेरी शिलाईची. मला वाटलं, सुटले एकदाची!

दोन आठवडे गेले. मी तसूभरही कमी झाले नव्हते. दवाखान्यात पट्टी बदलताना सिस्टरने पिशवी हातात घेतली. "शिलाई सुरेख आहे हो." मग ती उलटी केली. तळाला तेलकट काळी जाळी उमटली होती.

"ही नक्षी कसली?"

सोबत आलेल्या बायकोने पायडलची जाळी एका नजरेत ओळखली. "अहो! मशीन चालवताय तुम्ही?"

"शाळेचे कपडे कोण शिवणार मग? आणि भार कुठे देतोय? बसून तर काम करतो!"

"एका बाहीला किती वेळा पाय दाबता?" सिस्टरने विचारलं.

"असेल... शंभरेक वेळा."

"आणि दिवसाला बाह्या किती? या बिचारीने भरायचं कधी?"

मला बिचारी म्हणणारी ती पहिली.

दुसऱ्या दिवशी बायकोने मशीनचा पट्टा काढून टाकला आणि शेजारी बसून चाक हाताने फिरवू लागली. मास्टरांचा पाय स्टुलावर.

"हळू गं! कॉलर आहे, पंखा नाही."

"तुम्ही कापड सांभाळा. चाक माझ्याकडे आहे."

एक खिसा तिरका गेला, तीनदा अबोला झाला, पण तिने त्यांचा पाय स्टुलावरून हलू दिला नाही. आणि मला अखेर निवांतपणे काम करायला मिळालं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी निम्म्यावर आले होते. "अंगठा राहतोय," डॉक्टर म्हणाले. मास्टरांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ. मग हळूच विचारलं, "म्हणजे सोमवारपासून पायडल...?"

"नाही!" डॉक्टर आणि बायको एकदमच ओरडले.

त्यालाही आता दोन महिने झाले. माझी निघायची वेळ झाली आहे. जाताना एवढंच सांगते, माझ्या जागी आलेली कातडी जुनीइतकी दणकट नसते. तिथे पुन्हा काही रुतलं तर पाय ओरडणार नाही, डोळ्यांनीच बघावं लागेल. तेव्हा रोज चपला झटका आणि तळवे न्याहाळा.

आज सकाळी बायकोने दुकानातला आरसा मास्टरांच्या तळव्याखाली धरला. मास्टरांनी चष्मा वरखाली केला, पाय इकडे तिकडे वळवला आणि म्हणाले, "कुठे होती गं ती नक्की?"

माझं खरं कौतुक आज झालं.