रंगाखाली गेलेली अक्षरं

मी नाईल नदीवरची एक जुनी मोटारबोट आहे, मित्रांनो. माझा जन्म देशाच्या उत्तरेला, कोस्तीच्या कारखान्यातला. हयात मात्र गेली दक्षिणेत, रेंकच्या आसपासच्या गावांना कांदे, ज्वारी आणि माणसं पोचवण्यात. सुकाणूवर दक्षिणेचा लुआल असे, इंजिनापाशी उत्तरेचा सिद्दीग. दोघे दिवसभर भांडत आणि एकाच थाळीत जेवत.

मग बरीच वर्षं लढून दक्षिण वेगळा देश झाला. लढाईत दोन भाऊ गमावलेला लुआल त्या दिवशी लहान मुलासारखा रडला. त्या आनंदाला मी नावं ठेवणार नाही. गावाने मला नव्या झेंड्याचे रंग दिले. त्या भरात डिझेलच्या कॉकांवरची, म्हणजे कोणती तोटी कशाची हे सांगणारी अरबी अक्षरंही, उत्तरेची म्हणून, रंगाखाली गेली. ती सिद्दीगने लिहिलेली होती. तो आता परदेशी ठरला आणि गाठोडं घेऊन सीमेपलीकडच्या पहिल्याच गावी राहायला गेला. उत्तरेचं डिझेलही यायचं थांबलं आणि मी धक्क्याला बांधून पडले.

पावसाळ्यात लुआलची लेक अडुत बाळंतपणात अडली. रस्त्यात गुडघाभर चिखल, इस्पितळ प्रवाहाविरुद्ध, दक्षिणेला रेंकला. तिला माझ्यावर आणून निजवलं. टाकीत शिल्लक डिझेल होतं, पण लुआलने घाईत भलताच कॉक फिरवला आणि डिझेलच्या नळीत हवा शिरून इंजिन बंद पडलं. पोर कण्हत होती आणि मी नुसती उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी लुआलने सिद्दीगला फोन केला आणि माझे दोर सोडले. नदी उत्तरेकडेच वाहते. तिने मला अलगद सीमेपर्यंत नेलं. सिद्दीग होडी घेऊन निघालाच होता.

काठावरच्या शिपायाने त्याला हटकलं, "ओ काका, पुढे दुसरा देश आहे. परवाना कुठाय?"

"देश राहू दे तुझ्यापाशी. मला इंजिन बघायचंय."

माझ्यावरून अडुतचं कण्हणं ऐकू आलं. शिपायाने पाठ फिरवली.

वर चढून कॉक बघताच सिद्दीगने कपाळाला हात लावला. "लुआल्या, स्वतंत्र झालास ते झालास, अक्कल माझ्या गाठोड्यात राहिली काय?"

"राहिली असेल. परत दे," लुआल म्हणाला.

सिद्दीगने हवा काढली. इंजिन धडधडलं. तो होडीत उतरून परत गेला, आणि मी जीव खाऊन रेंक गाठलं. अडुतला मुलगी झाली. मायलेकी सुखरूप आहेत.

दुसऱ्या दिवशी लुआलने चाकूने कॉकांवरचा रंग खरवडला. बाकीचा झेंडा अजून माझ्या अंगावर आहे आणि मला तो शोभतो. मित्रांनो, माझ्यावर दोन्ही देशांचे उपकार आहेत. भाऊ वेगळी चूल मांडतात, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. पण नवा रंग देण्याआधी खाली कोणाची अक्षरं आहेत, तेवढं बघत जा.