दुकानापुढचं टकलं झाड

आमच्या थोरल्या भाऊजींचं केस कापायचं दुकान होतं, घराला लागूनच. दारात त्यांनी हौसेनं एक शोभेचं झाड लावलं. बुटकंच, छातीला लागेल एवढं. बुंध्याला काटे असे, की वारासुद्धा वळसा घालून जायचा. थंडी सरली की डोक्यावर लुसलुशीत कोंब यायचे आणि त्यांची म्हणे पुढे हिरवी छत्री व्हायची. म्हणे, कारण छत्री कुणी पाहिलीच नाही. कोंब बोटभर झाले की गायब. खाली बुंध्याला चार पानं फुटायची, त्यावर ते बिचारं जगायचं.

समोरचा टेलर मशीन थांबवून ओरडायचा, "काय हो, न्हाव्याच्या दारात टक्कल? झाडाचे केस राखता येईनात, आमचे काय राखणार?"

गिऱ्हाइकं हसायची. हसली तोवर ठीक होतं, पण मग ती कोपऱ्यावरच्या दुकानात जायला लागली. भाऊजींची खुर्ची रिकामी.

"बोकड खातोय," भाऊजी म्हणाले.

"बोकडच असेल," जाऊबाई कढईवरून मान वर न करता म्हणाल्या.

"दोन पायांचा," मी म्हटलं. जाऊबाईंनी मला असा चिमटा काढला, की वण अजून आहे.

भाऊजी आंघोळीला गेले की जाऊबाई हाताला फडकं गुंडाळून कोंब खुडायच्या. उकडून, पिळून, तेलात परतायच्या. चव जराशी कडवट, पण वास असा, की शेजारीण मीठ मागायला यायची ती ताट घेऊनच. भाऊजी बोटं चाटायचे. "ही कुठली गं भाजी?" "बाजारात नवीन आलीय," असं जाऊबाई दरवर्षी सांगायच्या.

शेवटी एक दिवस भाऊजी करवत घेऊन आले. "दुकान जाण्यापेक्षा झाड गेलेलं बरं. जेवतो आणि कापतो."

जाऊबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तीच कडवट भाजी वाढली. भाऊजींनी ताट लख्ख केलं.

"अजून आहे?"

"संपली."

"मग उद्या कर."

"उद्या कुठून? झाड तर तुम्ही आज कापताय."

भाऊजींनी ताटाकडे पाहिलं. मग करवतीकडे. मग बायकोकडे.

"म्हणजे तो बोकड..."

"तुम्हीच," जाऊबाई म्हणाल्या. "मी नुसती चारा घालणारी."

भाऊजी उठले. मग हात धुतले, करवत माळ्यावर टाकली आणि कंगवा-कात्री घेऊन झाडापाशी गेले.

"आता टकलाला भांग पाडताय का?" टेलर ओरडला.

"पाडायचा कशाला? हे टक्कल मीच करतो," भाऊजी ठसक्यात म्हणाले. "दरसाल. एवढ्या काट्यांत हात घालून, कुठे ओरखडा नाही, झाडालाही नाही अन् मलाही नाही. कोपऱ्यावरच्याला जमतंय का विचारा!"

टेलरनं झाडाभोवती एक फेरी मारली. डोक्यावरून हात फिरवला, आधी झाडाच्या, मग स्वतःच्या. आणि मुकाट्यानं खुर्चीत येऊन बसला.

पुढे दुकानापुढे रांग एवढी लागायची, की केस कापून निघालेला माणूस रांगेचं शेपूट ओलांडेपर्यंत त्याचे केस परत वाढायचे आणि तो तिथेच पुन्हा उभा राहायचा. खोटं वाटत असेल तर टेलरला विचारा. तो आता नाही, हा भाग वेगळा.

झाडाला शेंडा काही कधी आला नाही. शेंडी तेवढी त्यानं अख्ख्या गल्लीला लावली.