बुलडोझर एकदाच चालतो

माझ्या लॅपटॉपवर तीनशे बारा टूल्स होती. त्यांतली एकशे चाळीस मी कधीच उघडली नव्हती आणि सव्वीस उघडून लगेच बंद केली होती. संकेतस्थळावरची लपवलेली पानं शोधून काढणारी सहा होती. त्या सहांना मी सरावाच्या एकाच यंत्रावर प्रत्येकी दहा वेळा पळवलं, वेळ मोजली, सरासरी घेतली आणि आलेख काढला.

"आलेख छान आहे," अरीज म्हणाली. "फ्रेम करून भिंतीवर लाव. आता यातली पाच उडव."

अरीज माझी शाळेपासूनची मैत्रीण. अम्मानमधल्या एका कंपनीसाठी ती परवानगी घेऊन लोकांच्या संगणक यंत्रणांत घुसते, कुठून घुसता आलं ते लिहून देते आणि त्याचा पगार घेते. त्याच कंपनीत माझ्यासाठी एक जागा धरून ठेवली होती. अट एकच, ऑगस्ट संपायच्या आत या विद्येची परीक्षा पास व्हायची. नाहीतर सप्टेंबरपासून परत नुमानमामांच्या शिकवणीत तौजीहीला, म्हणजे इथल्या बारावीला, बसणाऱ्या मुलांना कप्पीची गणितं शिकवायची. मागचं वर्षभर मी तेच केलं होतं. मुलं दरवर्षी बदलतात, कप्पी तीच राहते.

दर शुक्रवारी अरीज इर्बिदला घरी आली की आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. मी एकेक टूल सांगायचे आणि ती विचारायची, "हे नसलं तर काय अडेल?"

"अडणार नाही, पण जरा वेळ लागेल."

"किती?"

"चार सेकंद."

"मयसून, त्या चार सेकंदांत तू काय करणार होतीस?"

असं करत करत एकोणीस उरली. त्यांतलं एक नेमकं केव्हा वापरायचं यावर आमचं भांडण मिटेना. ते एक अजस्र टूल होतं, हजारो तयार हल्ले पोटात घेऊन बसलेलं. हल्ला निवडायचा, बटण दाबायचं. आम्ही त्याला बुलडोझर म्हणायचो. परीक्षेत चार अनोळखी यंत्रं असतात. यंत्रात साधा वापरकर्ता म्हणून शिरलं की दहा गुण, पूर्ण ताबा मिळवला की आणखी पंधरा, आणि पास व्हायला सत्तर. बुलडोझर मात्र चारांपैकी एकाच यंत्रावर चालवायची मुभा. काम झालं नाही तरी तो वापरला असंच धरतात. दुसऱ्या यंत्रावर लावला की परीक्षा रद्द.

"मी पहिल्यांदा नापास कशी झाले माहितीये?" अरीज म्हणाली. "साठवर अडकले, वेळ संपला, आणि बुलडोझर तसाच शिल्लक. म्हटलं, खरी अडचण आली की काढू. आमच्या आईचा सोनेरी काठाचा कपांचा सेट असाच लग्नापासून खोक्यात आहे."

"मग दुसऱ्या वेळी केव्हा काढलास?"

"दुसऱ्या वेळी लागलाच नाही. म्हणून म्हणते, मला विचारू नकोस."

राहिला खोलीचा प्रश्न. परीक्षा घरूनच द्यायची, पण दिवसभर एक निरीक्षक कॅमेऱ्यातून पाहत असतो. खोलीत दुसरं माणूस दिसलं की संपलं. आमच्या घरात आतून कुलूप लागणारी खोली एकच, पाहुण्यांची.

"तिथे?" आई म्हणाली. मग बराच वेळ तिने भांडी घासली. "बरं. सोफ्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही. आत चहा न्यायचा नाही. आणि परीक्षा आहे हे कुणाला कळता कामा नये, नजर लागते."

"आणि पाहुणे आले तर?"

"शनिवारी कोण तडमडतंय?"

शनिवारी सकाळी मी त्या प्लास्टिकवर बसले. जरा हललं की ते करकरायचं. निरीक्षकाने लिहून विचारलं, "हा आवाज कसला?" मी लिहिलं, "सोफ्याचा." दुपारपर्यंत दोन यंत्रांचा पूर्ण ताबा मिळाला. तिसऱ्यात साधी वापरकर्ती म्हणून शिरले. साठ झाले. त्यानंतर तिसरं पुढे सरकेना आणि चौथं दारातच उभं करेना. सहावं टूल, सातवं टूल, मग घाबरून परत पहिलं. साठ ते साठच.

तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या उम्म निदाल आल्या होत्या आणि बरोबर कुवेतहून आलेली त्यांची नणंद, आमच्याकडे पहिल्यांदाच.

"अहलन, अहलन! या, अशा स्वयंपाकघरात या," आईचा आवाज.

"स्वयंपाकघरात?" उम्म निदाल म्हणाल्या.

"बाहेरच्या खोलीला रंग दिलाय गं. ओला आहे."

"वास नाही येत तो!"

"बिनवासाचा आहे. नवीन निघालाय."

"हो हो," नणंद म्हणाली, "आमच्याकडे कुवेतला सगळे तोच लावतात."

थोड्या वेळाने तिकडून हसणं ऐकू यायला लागलं. आईने त्यांच्यापुढे द्राक्षाची पानं आणि तांदळाचं सारण ठेवलं असावं, कारण कुणाची सुरळी जाड, कुणाची बारीक यावर वाद सुरू झाला.

पडद्यावर निरीक्षकाचा मजकूर उमटला. "खोलीत आणखी कुणी आहे का? कॅमेरा फिरवून दाखवा."

मी फिरवला. रिकामे सोफे, काचेचं कपाट, बंद दार.

"बाहेर काय चाललंय?"

"द्राक्षाच्या पानांत भात भरतायत."

मग आलं, "ठीक आहे. चालू द्या."

आणि दाराची मूठ फिरली. "कुठला रंग घेतलास ते तरी बघू दे," उम्म निदाल दाराला अगदी खेटून म्हणाल्या.

"अगं हात लावू नकोस! दारालाही आजच दिलाय!" आई ओरडली. मूठ जागच्या जागी थांबली. मग पावलं परत गेली, आणि नणंद म्हणाली की स्वयंपाकघरातच बरं वाटतंय, पाहुण्यांच्या खोलीत बसलं की तिची पाठ दुखते.

तास उरला होता. बुलडोझर खोक्यातच होता. सरावात मी तो ताबा मिळवायला तीस वेळा चालवला होता, त्यात अकरा वेळा यश आलं होतं. आत शिरायलाही तीस वेळा, त्यात नऊ. दोन्हींतलं काहीही जमलं तरी मी पास होते, म्हणून अकरावालं निवडलं. तिसऱ्या यंत्रावर लावला आणि बटण दाबलं. आठ सेकंदांत उत्तर आलं. हल्ला पूर्ण झाला, ताबा मिळाला नाही.

जपून ठेवायला आता काही नव्हतं. मी चौथं यंत्र पुन्हा सुरुवातीपासून बघायला घेतलं. वापरकर्त्यांच्या यादीत 'बॅकअप' नावाचं एक खातं होतं. पासवर्ड म्हणून तेच नाव टाकून बघायचं मी सकाळी सोडून दिलं होतं, इतका बावळटपणा परीक्षेत कोण ठेवेल म्हणून. आता टाकला. आत शिरले. पुराव्याचं चित्र घेतलं, शंका नको म्हणून आणखी एक घेतलं.

वेळ संपून कॅमेरा बंद झाला, पाहुण्याही गेल्या, तशी आई दारात आली. "झालं?"

"अहवाल लिहायचाय अजून. त्यातली एक पायरी जरी तपासणाऱ्याला जमली नाही तरी त्या यंत्राचे गुण जातात."

"सगळं बरोबर धरलं तर किती?"

"सत्तर."

"सत्तर!" आई मटकन सोफ्यावर बसली, प्लास्टिक करकरलं. "तौजीहीला सत्तर पडले तर लोक आठवडाभर दार उघडत नाहीत."

"आई, इथे सत्तरला पास होतात."

"असू दे. उम्म निदालला नव्वद सांगू."

प्रयोगवहीच्या सवयीने मी अहवालात प्रत्येक पायरी लिहिली, फसलेला बुलडोझरही लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी तो पाठवून दिला.

गुरुवारी सकाळी निकाल आला. पहिलं यंत्र पंचवीस, दुसरं पंचवीस, तिसरं दहा, चौथं दहा.