पिवळा वारा

थंडीभर अडकून बसलेली खिडकी त्या रविवारी एकदाची उघडली. बुवाने खांदा लावून पाहिला, एक चमचा वाकवून पाहिला, खिडकीच्या कारागिराच्या सात पिढ्यांचा उद्धार करून पाहिला. शेवटी मोजणीबाईने त्याला बाजूला सारलं आणि चौकटीवर तळहाताने दोन थापा मारल्या, तशी ती कुरकुरत उघडली. गार, पण आता न बोचणारी हवा आत शिरली आणि टेबलावरचे दोघांचे कागद उडून एकमेकांत मिसळले.

"गेलं!" बुवा म्हणाला. "आता तुझ्या गाळात माझी पोरं."

दोघंही परदेशात पीएचडी करत होती. एक खोली, तिला चिकटलेलं स्वयंपाकघर, आणि एकच टेबल. खिडकीकडची बाजू कुणाला मिळणार, ते सकाळी आधी कोण उठतं त्यावर ठरायचं. तो लहान मुलं बोलायला कशी शिकतात त्याचा अभ्यास करायचा. दिवसभर कानाला हेडफोन लावून वर्षा-दीड वर्षाच्या पोरांचे बोबडे आवाज ऐकत बसायचा, म्हणून तो बोबडेबुवा. ती एका तळ्याच्या गाळातले परागकण मोजायची, म्हणून ती मोजणीबाई. ही बारशी त्यांनी लग्नानंतर एकमेकांची केली होती, आणि आता खरी नावं फक्त बँकेत नाहीतर सासूबाईंच्या फोनवरच निघायची.

बाईचं काम सांगायला सोपं आणि करायला डोळे फोडणारं होतं. तळ्याच्या तळाशी दरवर्षी गाळाचा एक पातळ थर बसतो. त्या वर्षी वाऱ्यावर जे उडालं, ते त्यात असतं. हजारो वर्षांचे थर एकावर एक. लांब पाइप तळात खुपसून तो गाळ अखंड वर काढायचा, त्याच्या चकत्या कापायच्या, एकेक चकती आम्लात विरघळवायची. बाकी सगळं जातं, पण परागकणाचं कवच काही केल्या जात नाही. मग उरलेला कण न् कण मायक्रोस्कोपखाली ओळखायचा, हा पाइनचा, हा बर्चचा, हा गवताचा, आणि मोजायचा. त्यावरून कळतं, कुठल्या काळात तिथे कुठलं जंगल होतं.

गाळ मात्र तिने काढला नव्हता. ती यायच्या आधीच तिच्या गाईडबाईंनी आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी तो काढून शीतगृहात ठेवला होता. तिच्या वाट्याला आल्या त्या लांबट पेट्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला काळा चिखल, आणि एक खुर्ची. सुरुवातीला तिला त्याचं भारी अप्रूप होतं. घरी फोनवर तासन् तास सांगायची. पण अलीकडे तिचं तोंड मिटलं होतं. त्या थंडीत गाईडबाईंनी तिचं एक प्रकरण लाल शाईने रंगवून परत दिलं, आणि त्यानंतर ती एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "लोक धूळ झटकतात. मी मोजते." बुवा हसला. ती हसली नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

म्हणून खिडकी उघडली त्या दिवशी त्यानेच फर्मान काढलं: आता दर रविवारी बाहेर पडायचं. जवळ का होईना, पण पडायचं.

पहिल्या रविवारी ती दोघं घरासमोरून जाणाऱ्या बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. तिथे टायरचं एक गोदाम होतं आणि एक बंद दुकान. त्यांनी गोदामाच्या कठड्यावर बसून डब्यातली अंडी खाल्ली आणि त्याच बसने परत फिरली. "काही विसरलं का घरी?" ड्रायव्हरने काळजीने विचारलं. दुसऱ्या रविवारी विद्यापीठाच्या बागेत गेली. तिथे अख्खं गाव फुलांपुढे उभं राहून फोटो काढत होतं, आणि बर्चच्या झाडाखाली बुवाला शिंकांची अशी उबळ आली की फोटो काढणाऱ्या एका काकूंनी त्याला कडेला बसवून पाणी पाजलं.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "तुझ्या तळ्याला जाऊ या."

"तिथे काय आहे? पाणी आहे."

"तू पाहिलंय?"

"नाही."

"मग तुला काय माहीत पाणी आहे!"

बसने डोंगराच्या पायथ्याशी सोडलं. तिथून चढाचा कच्चा रस्ता होता. ऊन छान तापलं होतं, दोघांनीही कोट काढून कमरेला बांधले होते. एका वळणावर बाई थांबली, बुटातला खडा काढता काढता खालीच बघत म्हणाली, "मी सोडून देणार आहे."

"बूट?"

"पीएचडी."

तो थट्टेत बोलून गेला होता. आता त्याला जीभ चावावीशी वाटली. तो तिच्याशेजारी दगडावर बसला. ती बोलत राहिली. कण मोजून मोजून डोळे मिटले तरी कणच दिसतात. कशासाठी मोजतेय ते आता आठवतही नाही. कुणी विचारलं तर प्रबंधातली वाक्यं पोपटासारखी म्हणून दाखवते. ती रडत नव्हती, हेच त्याला जास्त लागलं.

"आत्ता सोडतेस, की तळं बघून?" त्याने हळूच विचारलं.

"बघून," ती म्हणाली. "एवढं चढून आलोच आहोत."

तळं तिच्या कल्पनेपेक्षा लहान निघालं. तीन बाजूंनी पाइनने गच्च भरलेले उतार, आणि मधोमध काळसर, शांत पाणी. काठावर लाकडी धक्का होता. धक्क्यावर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेली होडीवाली खुर्चीत डुलक्या घेत होती आणि तिच्या पायाशी तिचा कुत्राही तेच करत होता.

"वल्हवता येतं ना?" तिने एक डोळा उघडून विचारलं.

"येतं की," बुवाने ठोकून दिलं.

होडी बराच वेळ भोवऱ्यासारखी जागच्या जागी फिरली. होडीवालीने डोळे मिटून घेतले, कदाचित दयेपोटी. मग बाईने एक वल्हं आपल्याकडे घेतलं आणि दोघं भांडत, एकमेकांवर पाणी उडवत तळ्याच्या मध्यावर पोचली. तिथे वल्ही आत घेतली.

बाईने काठावरून वाकून पाहिलं. पाण्यात तिचा चेहरा होता आणि त्याखाली नुसता काळोख. इथेच कुठेतरी पाइप घातला असेल. इथलाच चिखल ती इतके दिवस उपसत होती. काहीतरी वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. ती सरळ बसली आणि म्हणाली, "अंडं दे."

अंडं सोलून अर्धं खाऊन झालं असेल नसेल, वारा सुटला. आधी पाण्यावर एक शहारा उमटला, मग होडी थोडी वळली. आणि समोरच्या उतारावरच्या एका झाडातून धूर निघाला.

बाईचा घास तोंडातच राहिला. त्या झाडाशेजारच्या झाडातून धूर निघाला. मग त्यावरच्या रांगेतून. मग अख्खा उतारच धुमसायला लागला, खालपासून माथ्यापर्यंत.

"आग!" बुवा उभाच राहिला. "अगं, आग लागलीय जंगलाला!"

"खाली बस! होडी उलटेल!"

तिलाही आधी आगच वाटली होती. पण वारा थेट त्यांच्याकडे येत होता आणि त्याला जळका वास नव्हता. कुठे ज्वाळा नाही, कुठे तडतड नाही. आणि धुराचा रंगही करडा नव्हता. तो पिवळा होता. हळदीइतका गडद नाही, सायीवर असतो तसला. ती बघत राहिली, आणि तिच्या मानेवरचे केस उभे राहिले.

"आग नाही ती," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "पराग आहे."

तोवर तो ढग जंगलापासून सुटला होता. एखादी पिवळी टेकडी जागची उठून चालू लागावी, तसा तो पाण्यावरून येत होता. आवाज अजिबात नव्हता. एवढं अवाढव्य काहीतरी अंगावर येतंय आणि हूं नाही की चूं नाही, हेच छाती दडपवणारं होतं. बुवाने घाईघाईने रुमाल काढून नाक दाबलं. बर्चच्या एका झाडाने त्याची ती गत केली होती, इथे तर अख्खा डोंगर चालून येत होता.

"काढ तो रुमाल," ती म्हणाली. "पाइनने शिंका येत नाहीत सहसा. घे, श्वास घे."

त्याने भीत भीत श्वास घेतला. नाही आली शिंक.

मग ती दोघं त्याच्या आत होती. काठ दिसेनासा झाला, सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघता येईल इतका तो मऊ झाला. हवेतून पिवळं बारीक पीठ झरत होतं, वल्ह्यांवर, कमरेच्या कोटांवर, अर्ध्या अंड्यावर, बुवाच्या चष्म्यावर. पाण्यावर सायीसारखी कातडी धरायला लागली. बाईने हात पुढे केला. तळहातावरच्या रेषा भरून गेल्या. आयुष्यात मोजले नसतील तेवढे कण एका तळहातावर, आणि तसा हा सगळा डोंगर, सगळं पाणी, सगळं आभाळ.

"मोठ्या प्रमाणात," ती पुटपुटली.

"काय?"

"मी लिहिलंय प्रबंधात. 'पाइन वृक्ष मोठ्या प्रमाणात पराग सोडतात.'" आणि ती हसायला लागली. "मोठ्या प्रमाणात! अरे, हे मोठ्या प्रमाणात आहे होय!" हसता हसता तिच्या गालांवरून पाणी ओघळलं आणि पिवळ्यावर दोन स्वच्छ रेघा उमटल्या.

बुवाने चष्मा पुसला नाही. काढून मांडीवर ठेवला. त्याला धूसर दिसत होतं, पण बायको नीट दिसत होती, आणि तो ढगाइतकाच तिच्याकडेही बघत राहिला.

"ह्याचं पुढे काय होतं?" त्याने विचारलं. का कोण जाणे, तो हळू आवाजात बोलत होता.

"तरंगतो थोडे दिवस. कणाला दोन बाजूंना हवेचे फुगे असतात. त्यात पाणी शिरलं की बुडतो. आपल्या खाली जाऊन बसतो."

"आणि तू मोजतेस ते…"

"तेही असेच आले होते." हे तिला माहीत होतं. पहिल्या वर्षापासून माहीत होतं. पण तिच्या कधी मनात आलंच नव्हतं की तिच्या काचेवरच्या प्रत्येक कणाच्या मागे अशी एक दुपार होती, असं ऊन, असा वारा. तेव्हा इथे 'आग' म्हणून ओरडायलाही कुणी नसेल. तरी दर वसंतात डोंगर असाच उठून पाण्यावर चालत आला असेल, हजारो वेळा, कुणी बघो न बघो. तिच्या खुर्चीत बसून ती ज्याला धूळ म्हणत होती, ते एकावर एक निजलेले वसंत होते. ती वाकली आणि पुन्हा पाण्यात पाहिलं. आता चेहरा दिसत नव्हता, नुसतं पिवळं होतं. तिने होडीचा काठ घट्ट धरला. खाली किती खोल आहे ते तिला आता कळलं होतं.

"म्हणजे आजच्या दिवसाचाही थर होणार," बुवा म्हणाला.

"ह्या वर्षाचा. केसाएवढा."

"त्यात आपलं काय राहील?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि तिला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

"हे अंड्याचं टरफल टाकू का? खूण म्हणून?"

"टाकू नकोस मेल्या. पुढची मोजणीबाई बिचारी गोंधळेल."

त्याने टरफलं निमूटपणे डब्यात ठेवली.

वारा पडला तेव्हा काठ पुन्हा दिसायला लागले. दोघं वल्हवत परतली, तर होडीवाली धक्का झाडत होती आणि पिवळा झालेला कुत्रा अंग झाडत होता. "कालच गाडी धुतली होती," ती करवादली. "आमची आई ह्या दिवसांत आम्हाला घरात कोंडायची. कपडे खराब होतात म्हणून."

"दरवर्षी एवढा येतो?" बाईने विचारलं.

"छे! इतका कुठला!" होडीवालीने झाडू टेकवला आणि मग तीही पाण्याकडे बघत राहिली. सगळं तळं एकाच रंगाचं झालं होतं, त्यात फक्त त्यांच्या होडीची काळी वाट उमटली होती, आणि तीही हळूहळू मिटत होती.

परतीच्या बसमध्ये सासूबाईंचा फोन आला.

"काय गं, आवाज असा का येतोय? भांडलात का?"

"नाही आई. तळ्यावर गेलो होतो."

"पडलात?"

"नाही हो," असं म्हणून तिने सगळं सांगितलं. कितीतरी दिवसांनी ती फोनवर इतकं बोलत होती. मग सासूबाई म्हणाल्या, "कपडे आधी भिजत घाला." आणि थोडं थांबून, वेगळ्याच आवाजात, "डोंगर चालत आला म्हणतेस? अगंबाई… मी आले तिकडे की मलाही ने."

सोडून देण्याबद्दल बुवाने त्या दिवशी विचारलं नाही. ती गोष्ट पुढे पुन्हा एक-दोनदा निघाली, नाही असं नाही. पण निघाली तशी चहा होईपर्यंत विरूनही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्याबरोबर प्रयोगशाळेत आला. कोटाच्या खिशाच्या शिवणीत राहिलेलं पिवळं तिने सुईने काढलं, रंगाच्या थेंबात मिसळलं, आणि जुन्या गाळातल्या कणांशेजारी मांडलं. बुवा भिंगाला डोळा लावून बसला. दोन दोन फुगे लावलेले, गुलाबी रंगलेले, गोल गोल कण.

"ह्यातला कालचा कुठला?"

"डावीकडचे भरीव दिसतात ते. उजवीकडचे माणसांनी शेती करायला घेतली त्याच्याही आधीचे."

तो कितीतरी वेळ डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे बघत राहिला. "हे तर भाऊ-भाऊ आहेत गं," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात गाईडबाई आत आल्या. बाई दचकून उठली; तिला ते लाल शाईचं प्रकरण आठवलं. पण गाईडबाईंची नजर तिच्या बुटांवर खिळली होती. बुटांच्या शिवणी पिवळ्या होत्या.

"तळ्यावर गेली होतीस? काल?" त्यांनी विचारलं. "सुटला?"

"हो. अख्खा उतार. आम्हाला वाटलं आग लागली."

गाईडबाईंनी हातातल्या फायली खाली ठेवल्या. "मी इतकी वर्षं जातेय तिथे," त्या म्हणाल्या. "कधी आदल्या दिवशी पोचते, कधी दुसऱ्या दिवशी. पाण्यावर साय बघितलीय. उठताना एकदाही नाही." मग त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर बसल्या, आणि शाळेतल्या मुलीसारखे हात मांडीवर घेतले. "सांग बघू. पहिलं झाड कुठलं होतं? अगदी पहिल्यापासून सांग."