सहावी पुडी

तापातून उठून ती कामावर गेली, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं. वाचनालयाच्या तळघरात ती सकाळच्या वेळी फाटकी पुस्तकं बांधायची. खळ आंबली की नाही हे आजवर तिला नाकच सांगायचं. त्या दिवशी नाक गप्प होतं. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल, पण कधी ते सांगता येत नाही. जिभेला ढोबळ चवी तेवढ्या कळायच्या. बाकी जेवण म्हणजे कोमट कापूस.

त्याच सुमारास धाकटे दीर सुट्टीवर आले. ते जहाजावर आचारी होते. जाताना त्यांनी कागदाच्या सात पुड्या वहिनीच्या हातात ठेवल्या.

"चीनमधल्या एका बंदरात म्हातारी विकत होती. झाडपाल्याचे चहा आहेत, आपला नेहमीचा नव्हे. दुपारी निवांत करून बघा."

पुड्यांवर चिनी अक्षरं होती. ती वाचणार कोण?

दुपारी घरात दोघंच असायची, ती आणि सासरे. नवरा फिरतीवर. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी जन्मभर मोजणी खात्यात डोंगर आणि शेतं मोजली होती. वीतभर फरक निघाला तर पहिल्या दगडापासून पुन्हा सुरुवात करणारा माणूस. घरात त्यांचं बोलणंही तसंच मोजूनमापून. अठरा वर्षांत सुनेशी बोलणं झालं ते 'दार लावलंस का' आणि 'भाजी छान झाली' एवढंच.

पहिल्या दुपारी तिने पाणी उकळलं, जरा निवू दिलं आणि काचेच्या भांड्यात पुडीतली पानं सोडली. सुकून मुडपलेली ती पानं पाण्यात सावकाश उलगडली, झोपेतून कूस बदलावी तशी. खिडकीतलं ऊन भांड्यातून आरपार गेलं आणि टेबलावर हिरवट उजेडाचा एक डाग हलत राहिला.

"अण्णा, मला काही कळत नाही. तुम्ही पिऊन सांगता का, कसा लागतो?"

अण्णांनी पेला दोन्ही हातांत धरला. एक घोट घेतला आणि डोळे मिटले. इतका वेळ गेला की तिला वाटलं, लागला यांचा डोळा.

"पहाटेचं दव पडलंय," ते म्हणाले. "आपण उंच गवतातून चाललोय. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलाय. पलीकडे कुणीतरी नुकतीच शेकोटी विझवलीय."

तिनेही आपल्या पेल्यातून घोट घेतला. जिभेवर नुसतं गरम पाणी होतं, पण पायांना गार लागल्यासारखं वाटलं.

मग ते रोजचंच झालं. एक पुडी तीन-चार दिवस पुरायची. दुसऱ्या चहात अण्णांना बंद देवळाची कडी लागली, तिसऱ्यात नावेचं ओलं लाकूड. चौथा पिऊन ते एका टेकडीवर जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत उतरलेच नाहीत. ती ऐकत राहायची. तळघरात पानं शिवताना तिच्या सुईखालून ते गवत सरकायचं, ती नाव हलायची. दुपारची वाट बघत तिचा दिवस पुढे जायचा.

सहाव्या पुडीत पानं नव्हतीच, खिळ्यांसारखे काळपट पीळ होते. तिने नेहमीसारखा चमचाभर टाकला. अण्णांनी घोट घेतला, डोळे मिटले.

"हा गोडसर आहे," ते हळूच म्हणाले. "पिकल्या बोरांच्या झाडाखाली..."

तोवर तिनेही घोट घेतला होता. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. इतकं कडू तिने जन्मात काही प्यायलं नव्हतं. नाक नसलं म्हणून काय झालं, जीभ चांगली ठणकावून सांगत होती.

"अण्णा," ती म्हणाली, "हा कडूजहर आहे."

अण्णांनी पेला खाली ठेवला. टेबलाची कड बोटाने चाचपत राहिले.

"चार वर्षं झाली," ते म्हणाले. "माझ्या त्या मोठ्या आजारपणातल्या औषधांनी जिभेची चव गेली. मला काहीच लागत नाही."

"मग रोज भाजी छान झाली म्हणायचात ते?"

"छानच होत असणार. ताटात कुणी काही टाकत नव्हतं."

तिला हसू आलं आणि ते आवरेना. अण्णाही ओशाळून हसले.

"सांगितलं का नाहीत?"

"तू राबून करतेस. आणि चहाचं तू विचारलंस. मला इतक्या वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं." मग ते घाईने म्हणाले, "पण जागा खऱ्या आहेत हं. ते गवत, ती टेकडी. मी मोजलेल्या आहेत. त्यात खोटं नाही."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली, आणि म्हणताना कळलं की खरंच माहीत होतं.

संध्याकाळी दिरांचा फोन आला. त्यांनी ऐकलं आणि पोट धरून हसले. "चमचाभर? वहिनी, एका मोठ्या पेल्याला त्याचा एकच पीळ टाकायचा असतो."

दुसऱ्या दिवशी तिने एकच पीळ टाकला. पाण्यात तो तळाशी जाऊन बसला, मग हळूहळू लांब, हिरवा होत गेला. तिने पेला अण्णांच्या हातात दिला, आपला घेतला.

"आज मी सांगते," ती म्हणाली. "आधी कडू, पण कालच्यासारखं नाही. जिभेच्या कडांना. थांबा... आता गेलं. आणि गेल्यावर घशात काहीतरी गोड उरलंय, अगदी खोल."

"किती खोल?" अण्णांनी विचारलं.

तिने आपल्या गळ्यावर बोट ठेवून बघितलं, आणि त्यांना नीट सांगू लागली.