सत्काराच्या फोटोतला बिल्ला

मी एक जुना बिल्ला आहे. दिसतो पितळेचा, पण आहे प्लास्टिकचा. वर सोनेरी रंगाचा पातळ थर आणि त्यावर यंत्राने कोरलेले ‘मोहिनी’, त्याखाली बारीक अक्षरांत ‘भारत’. मला पिन नाही. माझ्या पाठीला लोखंडाची पट्टी आहे आणि कापडाच्या आतल्या बाजूने एक चुंबक मला धरून ठेवतो. मध्ये काय ते गणवेशाचे कापड. त्यामुळे, मित्रांनो, मोहिनीच्या काळजाचे ठोके मला आधी कळत आणि तिच्या चेहऱ्यावर काय उमटले ते लोकांना नंतर.

आज मी शिरूर कासारजवळच्या एका घरात, सुया-बटणांच्या डब्यात पडून आहे. कंपनीने चिन्ह बदलले, नवे बिल्ले आले आणि मी निवृत्त झालो. त्याचा मला राग नाही. वस्तू जुन्या होतातच. मला राग आहे तो वेगळाच, आणि तो अजून गेलेला नाही.

माझा जन्म एका प्रवासी जहाजाच्या पोटात, कार्यालयाशेजारच्या छोट्या खोलीत झाला. हे जहाज मुंबईहून निघे, गोवा आणि लक्षद्वीप करून परत मुंबईला येई. मोहिनी त्यावर खोल्या आवरण्याच्या कामाला लागली होती. तिचे आईवडील, कडूबाई आणि नाथा, यांच्या घरी थोड्या मेंढ्या, थोडे कोरडवाहू रान. दिवाळी झाली की दोघे ऊसतोडीला जात. मोहिनी वसतिगृहात राहून शिकली, हॉटेलचे शिक्षण घेतले आणि समुद्रावर आली. पहिल्या दिवशी तिने मला आरशासमोर तीन वेळा सरळ केले. मी पहिल्यापासून सरळच होतो.

कामात ती पक्की होती. जहाजावर खोली आवरल्यावर टॉवेलची घडी घालून हंस किंवा हत्ती करून ठेवायची पद्धत आहे. मोहिनी मेंढी करायची. कान खाली पडलेली, मान थोडी वाकडी, अगदी दुपारच्या उन्हात सावली शोधणारी. लहान मुले ती मेंढी मोडू देत नसत. माणसे माझ्याकडे बघून “थँक यू, मोहिनी” म्हणत, आणि मला उगीच वाटे की हे थोडे मलाही म्हटले आहे.

आता मुख्य गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचा राग समजेल. आमच्या जहाजावर चढताना प्रवाशाला एक कार्ड मिळे. चहा, खरेदी, जे काही घ्याल ते त्या कार्डाच्या खात्यावर चढे. त्याच खात्यावर माणशी, दररोज, एक ठरलेली रक्कम आपोआप चढे. तिला सेवाशुल्क म्हणत; खरे तर ती बक्षिशीच. ही बक्षिशी एकट्या मोहिनीची नसे. ती एका सामाईक गल्ल्यात जाई आणि तिथून ठरलेल्या हिश्श्यांनी खोल्या आवरणारे, वाढपी, भांडी घासणारे, धुलाईवाले, सगळ्यांना मिळे. मूळ पगार इतका तुटपुंजा की घरी पाठवायचे पैसे याच वाटणीतून निघत. मात्र प्रवाशाने खाली काउंटरवर जाऊन “हे काढून टाका” म्हटले, की ते काढले जाई.

ज्या कामाशिवाय जहाज चालत नाही, त्याचे दाम मालकाने प्रवाशाच्या मर्जीवर का सोडावे, हा प्रश्न मला पहिल्या महिन्यातच पडला. उत्तर आजवर कुणी दिलेले नाही.

मोहिनीला ही पद्धत समजावून सांगावी लागली नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि अशा कोयत्यांची मिळून टोळी होते. कुणी ऊस तोडतो, कुणी मोळ्या बांधतो, कुणी डोक्यावरून फळीवर चढून गाडी भरतो. काट्यावर वजन होते ते अख्ख्या गाडीचे, मग वाटणी. तिने फोनवर आईला सांगितले, “आये, आपल्या टोळीवानीच हाय समदं. फकस्त ऊस न्हाई.”

“मंग मुकादम कोन हाय?” कडूबाईने लगेच विचारले.

“कंपनीच की.”

“मंग जपून ऱ्हाय.”

आणि एका फेरीला आष्टीकडचा मोठा गट जहाजावर आला. गटाचे पुढारी विजयसिंह: भरपूर जमीन, पांढरे कडक कपडे, आवाज असा की लाऊडस्पीकरची गरज नाही. बरोबर त्यांच्या पत्नी विजयमाला, कार्यकर्ते, आणि धोंडीराम मुकादम, जो दर हंगामाला टोळ्या नेऊन कारखान्यांना पोचवतो. सगळ्यांचा खर्च विजयसिंहांचा, त्यामुळे सगळ्या खोल्यांचे खाते त्यांच्याच नावावर.

मोहिनीने “पाणी ठेवू का?” एवढेच विचारले आणि विजयसिंह थबकले. “कुठली गं तू?”

“शिरूर कासारजवळची, साहेब.”

“आरं, ही तर आपली निघाली! ए धोंडीराम, इकडं ये बे! समुद्रात बी आपलं मानूस हाय बघ!” ते मनापासून खूश झाले होते. ते मी नाकारणार नाही.

दुसऱ्या दिवशी मोहिनी त्यांची खोली आवरत असताना त्यांनी टीव्हीच्या पडद्यावर खाते उघडले; विजयमालाबाई पलीकडे बसल्या होत्या.

“हे काय कापायलेत गं रोजचं?”

मोहिनीने सांगितले. सगळ्यांचे असते, धुलाईवाल्यांचे, भांडीवाल्यांचे, सगळे सांगितले.

“ते कोन? आमाला तर कुनी दिसलं न्हाई. आमाला तू दिसलीस.” त्यांनी माझ्याकडे बोट केले. “अगं, आहेर कसा असतो? मांडवात, माईकवर नाव पुकारून. गुपचूप खिशातून काढून घेतल्याला काय आहेर म्हनायचं? हे समदं काढतो मी. अन तुला देतो, हातानं, चार लोकांत!”

“साहेब, तसं करू नका. मला नको.”

“लाजू नगंस.”

मोहिनीचे ठोके वाढले होते. ही लाज नव्हती, हे चुंबकालाही कळत होते. विजयसिंह धोंडीरामाला घेऊन काउंटरवर गेले. तिथल्या मुलीने, तिनेच पुढे सांगितले तसे, विचारले, “सेवेत काही कमी पडलं का, सर?” “कमी? लई झाक सेवा हाय. म्हनून तर मोहिनीला आमी सोता देनार.” आणि सगळ्या गटाची बक्षिशी एका वाक्यात निघाली.

परतीच्या दुपारी जेवणघरात सत्कार झाला. शाल, फेटा, श्रीफळ कुठून आणले असे विचारू नका. अशा लोकांच्या सामानात ते असतेच. वाटेत कुणाचा सत्कार करावा लागेल सांगता येत नाही. धोंडीरामाने लग्नात पुकारतात तसे पुकारले, “मान्यवर विजयसिंहदादा यांच्याकडून, आपल्या मातीतल्या लेकीला...” टाळ्या पडल्या. शालीखाली मी झाकला गेलो, तेव्हा विजयसिंह म्हणाले, “बिल्ला दिसू द्या की, नाव यायला पायजे फोटूत.” विजयमालाबाईंनी हलकेच शाल बाजूला केली. मोहिनीच्या हातात पाकीट आले. त्यावर रुपयाचे नाणे चिकटवलेले होते.

प्रवाशांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. पण ज्याने बक्षिशी काढून घेतली त्याने रोख दिलेले पैसे गल्ल्यातच टाकायचे, असा आमच्याकडे नियम होता. मोहिनीने तासाभरात पाकीट न उघडता जमा केले. आत निघाले ते एका खोलीचेही भरून काढणारे नव्हते. कापले गेले होते सगळ्या खोल्यांचे.

ती चादरी घेऊन धुलाईत उतरली. तिथे कायम वाफ असते आणि खिडकी नसते. नेपाळचा दिलबहादूर इस्त्रीच्या यंत्रापाशी उभा होता. एरवी तो तिला चहा पुढे करी. त्याने वर न बघताच म्हटले, “शाल बढिया है दीदी. नीचे सबने फोटो देखा.” मग पुढची चादर यंत्रात सरकवत, “हमारा काट के आपका सत्कार. ठीक है.”

मोहिनीने चादरी ढिगावर ठेवल्या. काय सांगणार? फोटो खरा होता.

संध्याकाळी आमच्या विभागाच्या प्रमुख, धनश्री मॅडम, यांनी तिला बोलावले. जो कर्मचारी प्रवाशाला बक्षिशी काढायला सांगतो त्याला पुढच्या बंदरावर उतरवतात आणि पुन्हा घेत नाहीत.

“तुझ्याकडचे लोक, तुझंच नाव सांगून काढायला लावलं, तुझाच सत्कार. आणि तू म्हणतेस, तू सांगितलं नाहीस?”

“उलट नको म्हणाले होते मॅडम.”

“मग त्यांच्यापैकी कुणीतरी येऊन तसं सांगू दे. उद्या मुंबई लागायच्या आत. माझ्या हातात एवढंच आहे.”

मोहिनी विजयसिंहांकडे गेली. ते चहा घेत होते, विजयमालाबाई शेजारी होत्या. तिने सगळे सांगितले आणि हात जोडले. “साहेब, फक्त येवढं सांगा की मी मागितलं न्हवतं. अन जमलं तर ते परत चालू करा.”

“परत? मी दिलेला शब्द मागं घेत नसतो, मोहिनी. काउंटरवर जाऊन मी चुकलो म्हनू? तू कावून भेतीस? नोकरी गेली तर गेली, आपल्या बँकेत लावतो तुला. मुंबई लागली की वरच्या मानसाला फोनच करतो!”

फोन कुणाला, हे त्यांनाही माहीत नसावे.

बाहेर बोळात तिने धोंडीरामाला गाठले. “मुकादम, तुमाला तर कळतंय. टोळीचं मोडून एकाच कोयत्याला दिलं तर काय होतं?”

“टोळी फुटती,” धोंडीराम चटकन म्हणाला. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “मला समदं कळतंय पोरी. पन मला मुंबईवरनं त्यांच्याच गाडीत आष्टीला जायचंय.”

मित्रांनो, न कळणाऱ्या माणसाचा राग येतो, पण तो ओसरतो. कळूनही गाडीतली जागा सांभाळणाऱ्याचा राग ओसरत नाही.

सकाळी मुंबईचा किनारा दिसू लागला. मोहिनीने बॅग भरून ठेवली होती. इतक्यात काउंटरवरून निरोप आला. ती धावत गेली तर तिथे विजयमालाबाई उभ्या, डोक्यावर पदर, समोर धनश्री मॅडम.

“ही पोरगी नगं नगं म्हनत होती. मी तिथंच होते. हे समदं आमच्या मालकांचं काम हाय. तिला काय करू नका.” एवढे बोलून त्यांनी घाम पुसला. मग म्हणाल्या, “अन ते कापल्यालं परत घाला. माझ्या नावावर घाला.”

काउंटरवरच्या मुलीने पडदा पाहिला. “मॅडम, खातं सरांच्या नावावर आहे. त्यांनीच सांगायला हवं.”

“माझं नावच न्हाई त्यात?”

“खातेदार म्हणून नाही, मॅडम.”

विजयमालाबाईंनी माझ्याकडे पाहिले, कोरलेली अक्षरे वाचली. “तुझ्याकडं निदान बिल्ला तरी हाय गं,” त्या म्हणाल्या आणि वळल्या, कारण वरून विजयसिंहांची हाक आली होती.

मोहिनीची नोकरी वाचली. दिलबहादूरला खरे काय ते कळले आणि चहा पुन्हा सुरू झाला. पण धुलाईतल्या एकाच्याही हातात त्या फेरीचे गेलेले परत आले नाही. विजयसिंह उतरताना हात हलवत होते.

पुढे नवे बिल्ले आले. मला पर्समध्ये टाकून मोहिनी सुट्टीवर घरी आली. शिरूर कासारच्या चौकात एसटीतून उतरली आणि जागीच थांबली. दोन खांबांना भला मोठा फ्लेक्स बांधलेला. ‘भर समुद्रात बीडच्या लेकीचा सन्मान!’ विजयसिंहांचे तोंड बैलगाडीच्या चाकाएवढे, खाली धोंडीराम आणि कार्यकर्ते, कोपऱ्यात शाल पांघरलेली मोहिनी. आणि तिच्या छातीवर मी, भाकरीएवढा. तिला न्यायला कडूबाई रानातून सरळ आली होती, काखेत कोयता.

“काय लिव्हलंय गं?”

मोहिनीने वाचून दाखवले.

“अन त्या धुन्यावाल्यांचं परत दिलं का ह्यानं?”

“न्हाई.”

कडूबाईने खांबाकडे जाऊन एका घावात दोरी तोडली. चहाच्या टपरीवरचा एक जण ओरडला, “ए मावशे, दादांचा फ्लेक्स हाय त्यो!”

“दादाचा असंल. फोटू माझ्या लेकीचा हाय. घरी न्यायचाय मला,” ती म्हणाली आणि उरलेल्या दोऱ्याही तोडल्या. फ्लेक्सची घडी डोक्यावर घेऊन ती लेकीच्या पुढे चालू लागली.

मित्रांनो, मला पुसून कपाटात ठेवा असे माझे मागणे नाही. मागणे दुसरेच आहे. बिल्ल्यावर एकच नाव मावते, पण तुम्ही झोपता ती चादर कधीच एका माणसाने स्वच्छ केलेली नसते. उद्या तुम्ही जहाजावर जाल, हॉटेलात जाल, तेव्हा समोरच्या माणसाचे नाव जरूर घ्या, वाटले तर त्याच्या हातातही द्या. पण खाली वाफेत उभ्या असलेल्यांचे काढून देऊ नका. दिसत नाहीत म्हणून ते नाहीत, असे समजण्याइतके तुम्ही मोठे होऊ नका.

यंदा हंगामात टोळी गेली तेव्हा कडूबाईने तो फ्लेक्स बरोबर नेला. उसाच्या फडाजवळच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, तो आता घातला आहे, छापलेली बाजू आत करून. अवकाळी आला की दोन जोडप्यांची अंथरुणे त्याखाली कोरडी राहतात. कडूबाई सुट्टीवर आलेल्या मोहिनीला फोनवर सांगत होती, दादांच्या तोंडावर चुलीच्या काजळीचा चांगला थर बसलाय, पण गळत मात्र कुठेच नाही.